सोळाशे मीटरचं गोंदिया

आपल्या शहरातल्या एका लॉजमध्ये टेबलाच्या काचेखाली ‘जवळपासची प्रेक्षणीय स्थळे’ असा कागद सरकवून ठेवला आहे. नागझिरा, नवेगावबांध, हाजरा फॉल, कचारगड, इटियाडोह धरण. शेवटच्या ओळीत रेल्वे स्टेशन, आणि त्यापुढे ‘चालत पाच मिनिटे’. खुद्द गोंदियाच्या वाट्याला आली ती ही एवढी ओळ. गावात बघण्यासारखं काय, तर गावातून निघून जायची सोय!

हा कागद माझ्या भाच्याने मला फोटो काढून पाठवला. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडया लागतात, घरोघरी पाहुणे मावत नाहीत, म्हणून पुण्याच्या या पाहुण्याची झोपायची सोय लॉजवर केली होती. हा पोरगा धावतो. जिथे जाईल तिथे पहाटे उठून गावाच्या मध्यातून धावायचं, हा त्याचा नेम. त्याने रात्री काउंटरवर विचारलं, सकाळी कुठे धावू? उत्तर मिळालं, ‘स्टेडियमला जा, नाहीतर बालाघाट रोड धरा. बाजारात काय आहे सकाळी? सगळं बंद राहते.’

मी या आठवड्यात लिहायला बसलो तो या वाक्यामुळे. अहो, सगळं बंद असतं तीच तर बाजार बघायची वेळ! शटर उघडली की गोरेलाल चौकात माणसाची नजर आपोआप खाली जाते. पायाखाली टोपली, पुढे हातठेला, मागे मोटरसायकलचा हॉर्न. डोळे वर करायची सवड कुणाला आहे? पहाटे साडेपाचला हाच चौक रुंद होतो. दुर्गा चौक, गांधी प्रतिमा, तिथून जयस्तंभ, पुढे सुभाष बाग. दुकानांच्या वरचे मजले दिसू लागतात. जुने लाकडी कठडे, बुजवलेल्या खिडक्या, खाली चकचकीत काच बसवलेल्या दुकानाच्या डोक्यावर अजून तग धरून असलेली कौलं. भाचा परत आला तो हेच सांगत, ‘मामा, तुमच्या बाजारात खालचं गाव वेगळं आहे आणि वरचं वेगळं.’ गेली कित्येक वर्षं मी या जागेवर दुसरं काय सांगतो आहे?

वेळेचंही एक आहे. आमच्याकडे सूर्य मुंबईच्या आधी साधारण अर्धा तास उगवतो. देशाचं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं, गोंदिया 80 च्या किंचित पलीकडे, मुंबई 73 च्याही अलीकडे. तेव्हा घड्याळातली सकाळ आणि आकाशातली सकाळ यांचा मेळ राज्यात कुठे बसत असेल तर आमच्याकडे आणि गडचिरोलीकडे. मुंबईकर अंधारात चाचपडत बुटांच्या नाड्या बांधतो, तेव्हा आमच्या बाजारातल्या पाट्या वाचता येतात. ज्या गावात सकाळच उशिरा होते त्या गावात बसून आमच्या कामांच्या तारखा ठरतात, म्हणून विदर्भाची कामं रखडतात, हा माझा सिद्धान्त जुन्या वाचकांना पाठ आहे. पुरावा मागू नका. रुळांवरच्या पुलाकडे बघा.

पुलाचं दुखणं आज उगाळत नाही. जुना पाडला, तेव्हापासून काय चाललंय ते तुम्ही रोजच भोगता. एवढंच सांगतो की धावणाऱ्याला हे गाव रुळांनी कसं चिरलंय ते चारचाकीवाल्याच्या आधी कळतं. बाजारातून रेलटोलीकडे जायचं म्हटलं की त्याची लय तुटते आणि घड्याळातला आकडा बिघडतो. आणि ज्या रुळांनी गाव चिरलं त्याच रुळांनी ते वसवलंही. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी 1887 सालची. तिचा मोठा रूळ इथून गेला. मग 1903 साली नैनपूरपर्यंत आणि 1905 च्या सुमारास जबलपूरपर्यंत सातपुड्याची छोटी लाइन आली, अडीच फुटांची. दोन रूळ दोन मापांचे, त्यामुळे एकावरचा माल दुसऱ्यावर चढवायचा तर मधे माणसाची पाठ लागणार. डोंगरातून उतरलेलं लाकूड, तेंदूपत्ता, धान्य इथे डब्यातून उतरायचं आणि दुसऱ्या डब्यात चढायचं. जिथे माल उतरतो तिथे हमाल थांबतो, हमाल थांबतो तिथे अडत्या गादी टाकतो, मग धर्मशाळा येते, मिठाईवाला येतो. स्टेशनपासून बाजारापर्यंत धावत गेलात तर हा क्रम पायाखालून जातो. छोटी लाइन गेली, मोठी झाली, आता गाड्या न थबकता जबलपूरकडे सुटतात. माल उतरवायची गरज संपली, पण त्या गरजेने आखलेल्या गल्ल्या तशाच आहेत. हातगाडीच्या मापाने सोडलेल्या गल्लीत आज आपण चारचाकी घालतो आणि ट्रॅफिक वाढलं म्हणून ओरडतो.

गावाच्या मध्यातून धावायचा हाच खेळ मुंबईत थाटात चालतो. तिथली मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. ती व्हीटीसमोरून सुटते आणि त्याच 2004 साली व्हीटी जागतिक वारसा यादीत गेलं. त्या एका सकाळी रस्ते गाड्यांसाठी बंद ठेवतात आणि लोक पैसे भरून आपल्याच शहराच्या मध्यातून धावतात. आपल्याकडे पहाटे रस्ता रोजच मोकळा, पैसे पडत नाहीत, तरी एक माणूस धावत नाही.

असं मी भाच्याला म्हणालो, तर तो म्हणाला, ‘मामा, काहीतरीच काय बोलता? साडेचारपासून अर्धं गाव धावतंय.’

हे मात्र खरं. ही पोरं-पोरी आपण रोज बघतो, पण आपल्या लेखी ती धावत नसतात, ती ‘भरतीची तयारी’ करत असतात. तिरोड्याहून, आमगावहून, सालेकशाहून, देवरीहून आलेली. कुणी मरारटोलीत खोली घेतलेली, कुणी फुलचूरला. एका खोलीत चौघं, गॅस एकच आणि बूट मात्र ज्याचे त्याचे, जपून ठेवलेले. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे एकूण 50 गुण, त्यातले 20 एकट्या लांब धावण्याचे. राखीव दलाला जायचं तर 5 किलोमीटर. सगळं धावणं या आकड्यांत बसवलेलं असतं. कुणी रस्त्याच्या कडेला चुन्याची खूण करून ठेवतो, कुणी विजेचे खांब मोजतो. या खांबापासून त्या खांबापर्यंत शंभर.

भाचा आणि ही पोरं त्या आठवड्यात एकाच रस्त्यावर, एकाच वेळी धावत होती. मला या सगळ्या प्रकरणात यापेक्षा बोलकं दुसरं काही दिसत नाही. भाचा धावतो ते मान वर करून. कुठे थांबतो, पाटी वाचतो, फोटो काढतो, पोह्याच्या ठेल्यावर तर्री मागून घेतो आणि मग घड्याळाला सांगतो की हा वेळ धरू नकोस. पोरांची नजर पुढच्याच्या टाचेवर. बाजूला ताजमहाल उभा केला तरी त्यांना तो ‘दुसऱ्या फेरीचा खांब’ म्हणूनच लक्षात राहील. भाच्याला आपण कुठून कुठे गेलो ते सांगता येतं, पोरांना किती सेकंदांत गेलो ते. भाच्याचे बूट महाग आणि नोकरी पक्की. त्याला धावताना गाव दिसतं, कारण त्याच्या धावण्यावर काही अवलंबून नाही.

म्हणून गाव फक्त भाच्यालाच दिसलं असं म्हणायला मी तयार नाही. त्याला कठडे दिसले, मान्य. पण कुठल्या गल्लीतली कुत्री अंधारात अंगावर येतात, कुठला चहावाला चारलाच स्टोव्ह पेटवतो, कुठल्या नळाला पहाटे पाणी असतं, रस्ता कुठे खचलाय आणि घोटा कुठे मुरगळतो, हे भाच्याला कुणी विचारावं! नव्या धानाची भरडाई सुरू झाली की कुठल्या वळणावर कोंड्याची धूळ छातीत जाते, हे त्या पोरींना नाकाने माहीत आहे. राईस मिलवाल्यांच्या शहराचा असा नकाशा कुठल्या कार्यालयात सापडणार नाही. शहराचा आराखडा करणाऱ्यांनी एकदा या पोरांना बोलावून चहा पाजावा. बोलावणार नाहीत, कारण पोरांची नावं इथल्या मतदार यादीत नसतात. ती गावाकडे.

आणि मैदानाचं काय? ज्या दिवशी मैदानावर मंडप पडतो, त्या दिवशी ही पोरं हायवेच्या पट्टीवर येतात. पाठीमागून धानाचे ट्रक, समोरून नागपूरच्या गाड्या. बाजारातून का धावत नाही, असं मी एकदोघांना विचारलं. त्यांना प्रश्नच समजला नाही. बाजारात वळणं फार, टायमिंग येत नाही. बरोबर आहे. त्यांच्यासाठी सरळ, मोकळा, सपाट, मोजलेला रस्ता हवा, आणि तो देणं हे गावाचं काम. बाजार धावत बघणं ही माझ्यासारख्या पेन्शनीत निघालेल्यांची चैन. रविवारी सकाळी सातपर्यंत गोरेलाल ते जयस्तंभ गाड्या बंद ठेवाव्यात असं मी पूर्वी सुचवलं होतं. आता त्यात भर घालतो: आधी पोरांच्या 1600 मीटरची सोय करा, मग आमची.

वाचक वाट बघत असतील, तर घ्या, फ्लेक्सवर येतो. भाच्याने काढलेल्या फोटोंत एकही अख्खा कठडा नाही. प्रत्येकाच्या आडवा कुणीतरी हात जोडून उभा. वाढदिवस, नियुक्ती, मंडईनिमित्त हार्दिक स्वागत, नाटकाच्या नटनट्या. जिल्ह्यात धानाखालच्या जमिनीपेक्षा फ्लेक्सखालची जास्त भरेल, अशी मला शंका आहे आणि ती मी सोडणार नाही. पण यातला एक फ्लेक्स मोठा करून पाहिला. वर भरतीच्या एका अकॅडमीचं नाव, खाली यशस्वी उमेदवारांचे फोटो, ओळीने, मुलामुलींचे, प्रत्येकाच्या खाली गाव आणि तालुका. गावाच्या मध्यभागी त्या पोरांना जागा मिळते ती अशी, आणि तीही महिनाभर, पुढचा वाढदिवस येईपर्यंत. तो एवढा फ्लेक्स राहू द्यावा. बाकीच्यांबद्दलचं माझं मत कायम आहे.

निघायच्या आदल्या पहाटे भाचा कारंजाकडच्या रस्त्यावर या पोरांबरोबर धावला. पोलीस मुख्यालय तिकडे, म्हणून परीक्षेचा रस्ता पायाखालचा करून ठेवायला काहीजण मुद्दाम तिकडे जातात. 1600 मीटरमध्ये पोरांनी त्याला सहज मागे टाकलं. दम खात उभे असताना एकाने विचारलं, जानेवारीत मुंबईला धावायला जाता म्हणे, फी किती लागते जी? भाच्याने आकडा सांगितला. पोराने तो मनातल्या मनात खोलीच्या भाड्याशी लावून पाहिला असावा.

‘अन् पास झालो त काय भेटते?’

‘पास-नापास नसतं त्यात. पूर्ण केलं की मेडल देतात.’

‘सगळ्याईलेच?’ पोरगा म्हणाला, आणि बाकीच्यांना ही गंमत सांगायला पळाला.

— रेलटोलीकर