ओटीपी आला का रे?

यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत सगळ्यात रंगलेला विषय होता ई-सिम. डिसेंबरची तिकिटं निघाली आहेत. कुणाला किती जीबी किती डॉलरला पडले, याचे भाव एकमेकांना सांगताना मंडळींना ताटातलं श्रीखंड दिसेना. तेवढ्यात एका घरचा नववीतला मुलगा म्हणाला, "इंडियात गेलं की आई दिवसभर मामाला ओटीपी विचारते." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. माझा धाकटा भाऊ पुण्यात असाच एका मोठ्या गोतावळ्याचा मामा आहे.

दर हिवाळ्यात त्याच्याकडे न्यू जर्सी, लंडन, सिडनीहून भाचरं, मेहुणे, चुलत-मावस बहिणी उतरतात. सगळ्यांच्या फोनमध्ये झकास चालणारं डेटाचं ई-सिम आणि सगळ्यांची कामं याच्या नंबरवर. मागच्या खेपेला त्याच्याकडे राहिले तेव्हा मी हे जवळून पाहिलं. हा हिंजवडीला मीटिंगमध्ये, पाहुणे लक्ष्मी रोडवर साड्यांच्या पिशव्या घेऊन उभे. रिक्षा याच्या ॲपवरून मागवलेली, त्यामुळे रिक्षावाला फोन करणार यालाच. "सर, लोकेशनला आलोय, कुठंय तुम्ही?" मग याने मीटिंगमधून बाहेर यायचं, व्हॉट्सॲपवर पाहुण्यांना गाठायचं, त्यांनी "सिटी पोस्टासमोर" म्हणायचं, याने ते रिक्षावाल्याला कळवायचं, वर ओटीपीचे चार आकडे पाहुण्यांना पाठवायचे. संध्याकाळी हीच कसरत बिर्याणीसाठी, रात्री नाटकाच्या तिकिटांसाठी. भावजय एवढंच म्हणाली, "ताई, सोसायटीच्या वॉचमनला तरी रात्रपाळी संपली की सुट्टी असते."

आपण प्रवासासाठी जे ई-सिम विकत घेतो, ते बहुतेक वेळा नुसतं डेटाचं असतं. त्याला नंबर नसतो. व्हॉट्सॲप आपल्या अमेरिकन नंबरवरच राहतं, नकाशे चालतात, आजीला फोटो जातात आणि आपल्याला वाटतं झालं काम. जपानला गेलो होतो तेव्हा खरोखरच झालं होतं. गाड्यांच्या वेळा, रस्ते, मेनूचं भाषांतर, सगळं तेवढ्यावर निभावलं. तिथे कुणी नंबर विचारला नाही. तशा सहलीला मी आजही डोळे झाकून डेटाचंच ई-सिम घेईन. भारतात मात्र दहा आकडी नंबरावाचून पान हलत नाही. विमानतळावरच्या फुकट वायफायलासुद्धा आधी नंबर टाका, मग ओटीपी. अशा ठिकाणी जाताना पाच डॉलर कुठे वाचतात हे तासभर शोधायचं आणि नंबराचा भार भावावर टाकायचा, याला काटकसर कोण म्हणेल?

पंधरा दिवसांहून जास्त राहणार असाल तर भारतातल्या कंपनीचं सिम घ्या. पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड, तिथला पत्ता आणि ओळखीच्या कुणाचा तरी नंबर बरोबर ठेवा. भावाचा नंबर तेवढ्यापुरता, एकदाच, खुशाल द्या. अमेरिकेत विकलेल्या आयफोनला 14 पासून, म्हणजे 2022 पासून, सिमचा ट्रेच नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातलं प्लास्टिकचं सिम हातात घेऊन बसण्यात अर्थ नाही. ई-सिमच मागा, जिओ, एअरटेल, व्हीआय तिघेही देतात. जुना नंबर असेल तर तो जगवा. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरलाच नाही आणि खात्यात 20 रुपयेही नसले तर तो बंद होऊ शकतो. पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर वाजू लागतात. यूपीआयची सबब तर आता सांगूच नका. 2023 पासून अमेरिकेसह काही देशांतल्या नंबरांवर एनआरई-एनआरओ खात्यातून ते चालू करता येतं. आपली बँक देते का, एवढं विचारायचं.

आठ-दहा दिवसांसाठी डेटाचं ई-सिम घ्यायचंच असेल तर ते इथेच, घरच्या वायफायवर बसवा. जानेवारी 2024 मध्ये भारताच्या दूरसंचार विभागाच्या आदेशावरून अशा काही परदेशी कंपन्यांची ॲप तिथे बंद झाली होती, म्हणून 'उतरल्यावर बघू' नको. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. काही अडलं तर वैतागून ई-सिम पुसू नका. त्या ई-सिमचं डेटा रोमिंग चालू ठेवावं लागतं. आमच्या ह्यांना 'रोमिंग' म्हटलं की जुनी बिलं आठवतात, ते आधी तेच बंद करतात आणि मग इंटरनेट नाही म्हणून ओरडतात. बंद ठेवायचं ते अमेरिकन सिमचं डेटा रोमिंग. ते सिम मात्र चालू असू द्या, इथल्या बँकेचे मेसेज त्यावरच येणार. त्यावर आलेला फोन उचललात तर दिवसाचं शुल्क लागू शकतं, हे लक्षात ठेवा.

शेजाऱ्याची शिडी मागताना आपण दहादा सॉरी म्हणतो. मुलांना डे-केअरमधून न्यायला उशीर झाला तर मिनिटाचे पैसे मुकाट्याने भरतो. आणि तिथल्या माणसाचा अख्खा डिसेंबर आपण हक्काने वापरतो, वर त्याला इकडचा चॉकलेटचा डबा देऊन मोकळे होतो!

असो. फार बोलले. सणासुदीच्या अंकात हे वाचून कुणी दुखावलं असेल तर माफ करा. माझ्या भावाला तर हा लेख आवडणारच नाही, त्याला पाहुणे हवेच असतात. इकडे येणाऱ्या आई-वडिलांचं भारतातलं सिम काढून डबीत ठेवणाऱ्यांवरही लिहायचं होतं. पेन्शनच्या बँकेचे ओटीपी मग कुठे येणार? त्यांनी निघण्याआधीच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून यावं, इतकंच सांगते. बाकी जागा संपली.

आता एक काम या आठवड्यात करा. फोन हप्त्यांवर घेतला असेल तर तो बहुधा त्या कंपनीपुरता लॉक असतो आणि त्यात दुसऱ्या कुणाचंही ई-सिम चालत नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन खाली 'कॅरियर लॉक' पाहा. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसत नसेल तर कंपनीला थँक्सगिव्हिंगच्या आधी फोन लावा. नंतर तासभर नुसतं संगीत ऐकायला मिळतं.