मासे मोजा, तशी माणसेही मोजा

चऱ्होली म्हटले की गावे दोन. इंद्रायणीच्या अलीकडे चऱ्होली बुद्रुक, हे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. पलीकडे खेड तालुक्यातली चऱ्होली खुर्द, तिथे ग्रामपंचायतीचा कारभार. नदी एकच, दप्तरे मात्र दोन. सातबाऱ्यावर विहीर सापडते, पीक सापडते. नदीत कोणता मासा होता आणि त्यावर किती घरांची चूल पेटत होती, याला सातबाऱ्यात रकानाच नाही.

हा रकाना कायद्याने दिला आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायत असो की महापालिका, प्रत्येकीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करायची. पुण्याच्या माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ही कल्पना पुढे आणली. पुढे वर्षानुवर्षे बहुतेक ठिकाणी वहीच उघडली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि न केल्यास राज्याला दरमहा १० लाखांचा भुर्दंड सांगितला. दंडाच्या धाकाने केलेले काम कसे होते, हे पंचायतीत बसणाऱ्यांना सांगायला नको. वड, पिंपळ, कावळा, चिमणी एवढे लिहिले की वही पुरी!

नुसत्या यादीने काही हलत नाही. 'मरळ मिळत नाही' असे लिहिले तर साहेब मान डोलावतील आणि फाईल मिटतील. पण मरळ, वाम कोणत्या सालापर्यंत जाळ्यात येत होती, तेव्हा नदीवर जगणारी घरे किती होती, त्यांतली पोरे आज चाकणला कंत्राटी कामावर किती, नदीच्या पाण्यावरची मेथी-कोथिंबीर कोणी कधी बंद केली, घाटावर धुणे कधी थांबले, हे सगळे एकाच पानावर आले की तो पुरावा होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे ठरवले. त्यांत इंद्रायणी आहेच. पण त्या यादीत पाण्याचा दर्जा आहे. त्या पाण्यापायी कोणाचा धंदा बुडाला, ते गावानेच सांगायचे आहे.

आणि सांगताना हात राखू नये. नदीत कारखान्यांचे पाणी येते, तसे आपण भाड्याने दिलेल्या खोल्यांचेही येते. भाडेकरू किती, संडास किती, गटार कुठे सोडले, हेही वहीत हवे. कंपनीकडे बोट दाखवायचे आणि स्वतःची चाळ लपवायची, असे केले तर आपली वही कोणी खरी मानणार नाही.

असली आकडेमोड गावाला जमत नाही म्हणणाऱ्यांनी नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार पाहावे. तिथे पाऊस आणि भूजल मोजून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. पाऊस कमी झाला तर पीकही कमी पाण्याचे. पाण्याचा आकडा आणि माणसाची गरज एकत्र वाचली, म्हणून ते गाव तरले.

माहिती विचारायची ती जाळे टाकणाऱ्या भोयांना, मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांना आणि रानभाजी खुडणाऱ्या बायांना. सरपंचांच्या पडवीत बसून हे काम होत नाही. कायद्याच्या नियमांत समितीवर एक तृतीयांश महिला सांगितल्या, त्या सहीपुरत्या नकोत. जाणत्याने झाडपाल्याचे औषध सांगितले तर ते लिहिण्याआधी त्याची परवानगी घ्या. बाहेरच्या व्यापाऱ्याने गावातून असा माल नेला तर फी लावण्याचा अधिकार समितीला कायद्यानेच आहे.

चऱ्होली खुर्दने येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. ग्रामसेवक भाऊसाहेबांचे पद आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, पण दप्तर तेच आहे. वही कपाटात असेल तर ती काढून सभेत मोठ्याने वाचावी आणि चुकले ते तिथेच दुरुस्त करावे. बुद्रुकमध्ये ग्रामसभा नाही. तिथल्या मंडळींनी महापालिकेच्या समितीकडे आपल्या गावाचे पान लेखी मागावे. दोन्ही काठांची पाने एकमेकांशी ताडून पाहावीत, आणि विकास आराखड्यावर हरकती मागवल्या की अर्जाला त्यांची नक्कल जोडावी.