शिळ्या कढीला ऊत? आणूच की!

मराठी संकेतस्थळांवर चार दिवस काढलेल्या कुणालाही एक वाक्य तोंडपाठ असतं, "उगाच जुने धागे वर काढू नका." म्हणणारा बहुतेक वेळा हजारो प्रतिसाद नावावर असलेला जुना जाणता सदस्य असतो. कुणी नवखा दहा-बारा वर्षांपूर्वीच्या धाग्यावर दोन ओळी लिहितो, धागा उसळी मारून पहिल्या पानावर येतो आणि लगेच तिघं धावत येतात. एक म्हणतो, मढी कशाला उकरताय. दुसरा 'पुरातत्त्व खात्याचं अभिनंदन' करतो. तिसरा नुसतं '+१' टाकून जातो. माझं या तिघांशीही भांडण आहे. तिसऱ्याशी जरा जास्तच, कारण धागा आणखी वर ढकलण्यापलीकडे त्याने काहीच केलेलं नसतं.

मंडळी, जरा वयाचा हिशेब करू. मायबोली सुरू झाली १९९६ साली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मिसळपाव २००७ मध्ये आलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. म्हणजे मराठी आंतरजालावरच्या सगळ्यात रंगलेल्या गप्पा माझ्यासाठी पहिल्या दिवसापासूनच जुन्या. मग 'जुन्यात बोलू नका' याचा माझ्या पिढीला लागणारा अर्थ काय? पंगत उठली, तुम्ही पत्रावळ्या बघून घरी जा. याला शिष्टाचार म्हणायचं?

मुळात ही कटकट यंत्राची आहे. बहुतेक ठिकाणी ज्या धाग्यावर शेवटचा प्रतिसाद ताजा, तो सगळ्यात वर. त्या प्रतिसादात नवी माहिती आहे की नुसतं 'पु.ले.शु.', याच्याशी यंत्राला देणंघेणं नाही. जपानमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या टूचॅनलवर याला साधा तोडगा होता. ईमेलच्या रकान्यात 'सागे' असं लिहिलं की प्रतिसाद नोंदला जायचा, पण धागा वर यायचा नाही. एका रकान्याचं काम. आपल्याकडे ते यंत्राला सांगण्याऐवजी माणसाला दटावायची पद्धत पडली.

बाहेरचं जगही याबाबत गोंधळलेलंच आहे म्हणा. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर 'नेक्रोमॅन्सर' नावाचं चक्क रौप्यपदक आहे. प्रश्न विचारल्यानंतर ६० दिवसांहून जास्त उशिरा उत्तर द्या, त्याला ५ गुण मिळवा, पदक तुमचं. थोडक्यात, मढं उकरल्याचं बक्षीस! त्याच्या दोन संस्थापकांपैकी एक, जेफ अ‍ॅटवुड. याच गृहस्थांनी पुढे डिस्कोर्स नावाचं चर्चेचं सॉफ्टवेअर काढलं, आणि त्यात जुन्या धाग्यावर लिहायला गेलं की 'अहो, शेवटचा प्रतिसाद फार पूर्वीचा आहे' अशी सूचना दिसते. पण फरक बघा. सूचना देऊन ते थांबतं. दार उघडंच असतं.

आता माझ्या भांडणाचं खरं कारण. 'ॲप'मधला ॲ. यूनिकोडमध्ये हे अक्षर आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ऍ वापरून वेळ मारून नेत, नाहीतर अ लिहून त्यावर चंद्र चढवत. दिसायला चंद्रवाला अ आणि खरा ॲ जुळे भाऊ. संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळ्या वस्तू, आणि यूनिकोडने त्या दोघांना समान मानलेलं नाही. त्यामुळे सामान्यीकरणाची नेहमीची चाळणी लावूनही ते एक होत नाहीत. शोधखिडकीत एक प्रकारे 'ॲप' लिहा, दुसऱ्या प्रकारे साठवलेलं 'अॅप' सापडणार नाही. मराठीत शोध घेणारं काही बनवत असाल तर यावर डोकं आपटलंच असेल.

एका संकेतस्थळावर (नाव नको) याच विषयाचा २००७ सालचा सुंदर धागा आहे. प्रश्न नेमका, उत्तरं आपुलकीची, आणि त्या साली अगदी बरोबर. आज ती उत्तरं चूक आहेत. शोधणाऱ्याला मात्र तोच धागा वर दिसतो. मी खाली सहा ओळी लिहिल्या: २००८ मध्ये काय बदललं, आता काय वापरा, जुना मजकूर कसा बदलून घ्या. पहिला प्रतिसाद आला, "धागाकर्ता कधीच निघून गेला, आता कुणासाठी?" तासाभरात संपादकांनी धाग्याला कुलूप लावलं, माझा प्रतिसाद उडवला आणि नवीन धागा काढण्याचा सल्ला दिला.

कुणासाठी? अहो, काल शोधत आलेल्या मुलीसाठी! आणि नवीन धागा काढून काय होणार? चुकीचं उत्तर जुन्या जागी ऐटीत बसून राहणार, बरोबर उत्तर कुठेतरी सतराव्या पानावर. मराठीत लिहिताना येणाऱ्या या असल्या अडचणींवर पुस्तकं निघत नाहीत. जे काही आहे ते या धाग्यांत आहे, आणि त्यांनाच आपण कुलपं लावत सुटलोय.

उकरू नयेत असे धागे असतात, नाही कोण म्हणतं. गेलेल्या माणसाच्या श्रद्धांजलीखाली सहा वर्षांनी "कोण होते हे?" विचारणाऱ्याला माझ्याकडूनही दोन शब्द ऐकायला मिळतील. २०११ मध्ये कुणी रागाच्या भरात काही लिहिलं, त्याला आज उत्तर देऊन काय साधणार? तो माणूस आता बदलला असेल, निदान दमला तरी असेल. आणि कोरडं 'सहमत' लिहायला धागा उठवणं म्हणजे झोपलेल्याला उठवून 'झोपलात का?' विचारणं. पण यात धाग्याचं वय आलं कुठे? कालच्या धाग्यावरही हे आगाऊपणाचंच.

उलट जुन्यात लिहिताना थोडी जास्त काळजी घ्या. मधल्या काळात काय बदललं ते साल घालून सांगा. जुनं उत्तर देणाऱ्याला मूर्खात काढू नका, त्याच्याकडे तेव्हा तेवढंच होतं. प्रश्न जरा जरी वेगळा असेल तर मात्र खुशाल वेगळा धागा काढा आणि जुन्याचा दुवा द्या.

आणि शिष्टाचाराची एवढीच हौस असेल तर खऱ्या गुन्हेगाराला पकडा ना. एक्सकेसीडी या चित्रमालिकेत २०११ साली एक चित्र आलं होतं. एकाला अडचणीचं उत्तर शोधता शोधता २००३ चा धागा सापडतो. अडचण हुबेहूब तीच, उत्तर शून्य, आणि बिचारा पडद्यावर ओरडतो, कोण होतास तू, काय पाहिलंस तू! आपल्याकडे याहून भारी नमुने आहेत. चाळीस जण डोकं लावतात, पान भरतं, आणि शेवटी धागाकर्ता लिहितो, "सुटला प्रश्न, सर्वांचे आभार!" कसा सुटला? राम जाणे. तिथे कुणी पाच वर्षांनी येऊन "दादा, कसा सुटला ते सांगाल का?" विचारलं तर सगळे त्या विचारणाऱ्यावरच तुटून पडतात. अरे, विचारू द्या की त्याला! कित्येक ठिकाणी नवा प्रतिसाद आला की धागाकर्त्याला ईमेल जाते. पत्ता तोच असेल तर येईलही बापडा, आणि उरलेली दोन वाक्यं लिहून जाईल.