पोरं मिळून शिकली तर अभ्यास टिकेल, जमीनही टिकेल



आवणीच्या दिवसांत आपण काय करतो? आज याच्या खाचरात, उद्या त्याच्या. एकट्या घराने आवणी उरकायची म्हटली तर पाऊस निघून जाईल आणि रोप तसंच राहील. म्हणून सगळे मिळून लावतो. कुठे याला सावड म्हणतात. घर शाकारायचं असलं तरी तसंच. आपल्या पोरांना हे लहानपणापासून माहीत असतं. पण तेच पोर शाळेत गेलं की त्याला सांगतात, शेजारी बघू नको, बोलू नको, आपापलं कर. आमचं म्हणणं आहे की आपली पोरं मागे पडायला इथूनच सुरुवात होते.

पाड्यावरच्या शाळेची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे. इयत्ता चार आणि मास्तर एक, फार तर दोन. मास्तर चौथीला गणित घालतात तेव्हा पहिलीची पोरं नुसती बसून राहतात. त्यात पुस्तकाची भाषा वेगळी. घरी वारली बोली, फळ्यावर शहरातली मराठी. पोराला उत्तर येत असतं, पण प्रश्नच कळलेला नसतो. मग ते गप्प बसतं. गप्प बसलं की मठ्ठ ठरतं. दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेलं की पुन्हा शाळेत येत नाही.

आता तेच पोर चौथीतल्या पोरीजवळ बसलं आणि तिने आपल्या बोलीत समजावलं तर? मास्तरांना विचारायला जे पोर लाजतं ते तिला दहा वेळा विचारतं. आणि फायदा तिचाही होतो. दुसऱ्याला भागाकार समजावून सांगताना आपल्याला तो कुठे अडतो ते तिला कळतं. ही काही नवी गोष्ट नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरत होती, पोरं शिकत होती. आपल्याच डहाणू तालुक्यात हे झालं.

काही जण म्हणतील, एकत्र बसली की एक लिहिणार आणि चार कॉपी करणार. होऊ शकतं. म्हणून नियम पाहिजे. गटात पाच पोरं, लहानमोठी मिसळून. काम झालं असं कधी म्हणायचं? सगळ्यात मागे असलेल्या पोराला ते उभं राहून सांगता आलं म्हणजे. मग बाकीचे चार जण त्याला शिकवल्याशिवाय राहणार नाहीत.

आणि हा प्रश्न नुसता शाळेचा नाही, पलाटाचा आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हे एकट्या पोराने वहीत पाठ केलं तर महिन्याभरात विसरेल. चार पोरांना ३३ फुटांची दोरी द्या, चार कोपऱ्यांवर उभं करा. गुंठा डोळ्यांनी दिसेल. मग बापाचा पलाट मोजायला लावा. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेलं असतं. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठाच. एवढं पोरांना कळलं तर कागदावर किती आणि जमिनीवर किती हे घरात बसून ताडून बघता येईल.

पाड्यात एकच जण वाचणारा असला तर तो सांगेल ते खरं. उद्या तो नोकरीला गेला, नाहीतर दलालाने त्याला फोडलं, तर अख्खा पाडा पुन्हा आंधळा. पाच जणांनी एकच नोटीस वाचली तर खोटं चालत नाही. न वाचता दिलेल्या अंगठ्यांनी सावकारांनी आपल्या किती जमिनी खाल्ल्या ते म्हाताऱ्यांना विचारा. १९४५ साली झरीच्या सभेत वेठ करायची नाही असं वारल्यांनी ठरवलं, ते हजारोंनी मिळून ठरवलं म्हणून टिकलं. एकट्याने नाही म्हटलं असतं तर एकट्यानेच मार खाल्ला असता.

म्हणून सरकारला मोकळं सोडायचं असं नाही. १९५० च्या घटनेत लिहिलं होतं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळावं म्हणून सरकार प्रयत्न करील. ती दहा वर्षं कधीच संपली. पुरेसे मास्तर द्या ही मागणी मोर्चात राहणारच. पण ते येईपर्यंत पोरं मोठी होतात.

तेव्हा प्रत्येक पाड्याने एक घर ठरवावं, एक कंदील, रोज संध्याकाळी एक तास. रॉकेल पाळीपाळीने घालावं. पोरींना धाकटं भावंड सांभाळायचं म्हणून घरी ठेवू नका, भावंडाला घेऊन येऊ द्या. शिकलेल्या तरुणांनी शेजारी बसावं, पण पोरांचं तोंड बंद करून आपणच शिकवत बसू नये. मोठ्यांनीही येऊन बसावं, सही शिकावी. कोणत्या पाड्यावर गट सुरू झाला ते पुढच्या बैठकीत सांगा.