दंड धुराला नाही, कागद नसण्याला

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण वर्षातून एकदा पीयूसी काढणाऱ्या प्रत्येकाशी तिचा संबंध आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

मी कॅलिफोर्नियात राहतो, आई-बाबा पुण्यात. "तिकडचं कौतुक इकडे सांगू नका" अशी कमेंट येणारच, म्हणून आधीच सांगतो : या गोष्टीत तिकडे माझी चांगलीच जिरली होती.

माझ्याकडे २००९ ची एक जुनी जर्मन पेट्रोल गाडी आहे. गेल्या वर्षी तिचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी०४११. म्हणजे एक्झॉस्टमध्ये जादा हवा सोडणारी जी यंत्रणा असते, तिच्यातून हवा नीट जात नाही.

ही यंत्रणा काय करते? गार इंजिन सुरू होतं तेव्हा त्याला पेट्रोल जास्त लागतं आणि ते सगळं जळत नाही. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गार असतो, म्हणजे अजून कामालाच लागलेला नसतो. त्यामुळे पहिल्या एक-दोन मिनिटांतला धूर सगळ्यात वाईट. अशा वेळी एक छोटा विजेचा पंप बाहेरची ताजी हवा एक्झॉस्टमध्ये ढकलतो. न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळतं आणि त्या उष्णतेने कन्व्हर्टरही लवकर तापतो. मिनिट-दीड मिनिटात पंपाचं काम संपतं. तो बिघडला तरी गाडी चालवताना काही फरक कळत नाही. त्रास होतो तो मागून चालणाऱ्याला.

माझ्या गाडीत एकमार्गी व्हॉल्व्ह गंजून उघडाच राहिला होता. एक्झॉस्टची वाफ उलटी जाऊन पंप जाम झाला होता. पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदलले, नळ्या आणि रिले तपासले, कोड पुसला. दिवा गेला. दुसऱ्या दिवशी ऐटीत स्मॉग चेकला गेलो आणि परत पाठवला गेलो. कारण : गाडी तयार नाही.

तिथे २००० आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये २०१५ पासून नळी घालतच नाहीत. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तार लावतात आणि गाडीच्या संगणकालाच विचारतात. कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, हवेचा पंप, टाकीतली वाफ, प्रत्येकाची तपासणी हा संगणक गाडी चालू असताना स्वतः करत असतो आणि 'झाली' किंवा 'बाकी' अशी नोंद ठेवतो. तुम्ही कोड पुसला किंवा बॅटरी काढली की सगळ्या नोंदी परत 'बाकी'. पेट्रोल गाडीत तिथे फक्त टाकीतल्या वाफेची तपासणी बाकी असली तर चालते. हवेच्या पंपाची बाकी चालत नाही.

थोडक्यात, दिवा पुसून लगेच परीक्षेला येणाऱ्यांना पकडायलाच हा नियम आहे. मी फसवत नव्हतो. पण मशीनला मी आणि फसवणारा सारखेच दिसलो, आणि ते बरोबरच आहे.

मग तयारी केली. पंपाची तपासणी इंजिन पुरतं गार असल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणून गाडी रात्रभर उभी. टाकी पावच्या वर, पाऊणच्या आत. सकाळी चावी फिरवल्यावर पंपाचा घूंऽऽ आवाज ऐकून खात्री केली, दोन-तीन मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवली, मग हायवेवर एका लयीत, मग सिग्नलच्या रस्त्याने. बॅटरीला हात नाही, स्कॅनरने काही पुसणं नाही. चौथ्या सकाळी सगळ्या नोंदी 'झाली'. त्यानंतर पास.

तेव्हा चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. मग डिसेंबरमध्ये पुण्यात आलो.

बाबांची गाडी २०२१ ची, बीएस-६. बघतो तर पिवळा दिवा लागलेला. "बाबा, हा कधीपासून?" "असेल चार महिने. अरे, तो लागतोच. पीयूसी आहे ना आपल्याकडे!" ती पीयूसीही संपत आली होती, म्हणून मीच गाडी घेऊन गेलो. तिथल्या मुलाने नंबरप्लेटचा फोटो काढला, नळी सायलेन्सरच्या तोंडाशी अडकवली. पुरती आत गेलीही नाही. दोन मिनिटांत कागद हातात. एक वर्षासाठी पास.

मी म्हटलं, "दादा, चेक इंजिनचा दिवा लागलाय." तो म्हणाला, "त्याचा पीयूसीशी काय संबंध, साहेब?"

त्याचं काही चुकलं नाही. आपल्या नियमात खरोखरच संबंध नाही.

घरी येऊन खिशातला स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सर गेला होता. गाडी चार महिने ओरडून सांगत होती. ऐकायला कोणी नव्हतं आणि वर सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं.

आता माझं म्हणणं. माझ्या गाडीतला पंप एक्झॉस्टमध्ये हवा सोडतो ती धूर जाळायला. आपल्याकडे नळी अर्धवट बाहेर ठेवून हवा मिसळतात ती धूर लपवायला. आणि हे एकट्यादुकट्या केंद्राचं नाही. दिल्लीच्या हवेवरचा कॅगचा अहवाल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला. धूर मर्यादेपेक्षा जास्त असूनही एक लाखाहून जास्त गाड्यांना पीयूसी दिल्याची नोंद त्यात आहे. हा आकडा देशाच्या राजधानीतला आहे, कुठल्या आडगावातला नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंड आहे. कायद्यात शब्द आहे प्रदूषण, पण चौकात विचारतात तो कागद. मग लोकही कागदच विकत घेणार. त्यांना नावं ठेवून काय उपयोग?

राग येतो तो याचा : साक्षीदार गाडीत बसलेला आहे. एप्रिल २०१३ पासून विकल्या गेलेल्या बहुतेक चारचाकींत स्वतःची तपासणी करणारा हा संगणक आहे. बीएस-६ गाड्या महाग झाल्या तेव्हा त्याचे पैसे आपणच भरले. आणि वर्षातून एकदा त्याला चार प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा आपण सायलेन्सरला नळी टेकवून घरी येतो.

"लोक त्यातही पळवाट काढतील." काढतील, तिकडेही काढतात. दुसऱ्याच चांगल्या गाडीला तार लावून पास करून घेणारे तिथेही सापडले आहेत. पण संगणकाची नोंद मागे राहते, म्हणून ते पकडले जातात. अर्धवट घातलेल्या नळीची नोंद कुठे राहते?

"गरिबाने काय करायचं?" हा प्रश्न खरा आहे. रिक्षावाल्याला सेन्सरचा खर्च परवडत नाही. कॅलिफोर्नियात कमी उत्पन्नवाल्यांना दुरुस्तीसाठी सरकार पैसे देतं. दंडातून गोळा होणारा पैसा इथेही तिकडे वळवता येईल. गरिबाचं नाव पुढे करून माझ्या बाबांसारख्या वीस लाखांच्या गाडीवाल्याला सूट देऊ नका. आणि त्याच सिग्नलवर तो धूर सगळ्यात जास्त नाकात जातो तो रिक्षावाल्याच्याच.

मागणी साधी आहे. ज्या गाडीत संगणक आहे तिची पीयूसी तार लावून करा. दिवा लागलेला असेल तर नापास. नोंदी पुसलेल्या असतील तर 'तयार नाही, चालवून परत या'. जुन्या गाड्या आणि दुचाकींना नळीच लावा, पण पुरती आत घालून.

आणि तोवर आपण? आज गाडीत बसाल तेव्हा तो पिवळा दिवा बघा. लागलेला असेल तर पीयूसीची तारीख बघू नका, मेकॅनिककडे जा. बाबांनी सेन्सर बदलला. चार महिने उशिरा, आणि तोही मी मागे लागलो म्हणून. कुठल्याही सरकारी नियमाने त्यांना ते करायला लावलं नाही, हेच दुखणं आहे.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी दिवा बघून या.