काजव्यांच्या गावी लोखंडी वाट

जंगलात लोखंडाचा खिळासुद्धा नको, असे म्हणणाऱ्यांचा एक पंथ आपल्याकडे आहे. आणि जंगलात जाऊन काचेच्या पुलावर उभे राहिल्याखेरीज निसर्ग दिसतच नाही, असे मानणाऱ्यांचा दुसरा. पहिल्या पंथाचे लोक लेख लिहितात, दुसऱ्या पंथाचे लोक निविदा काढतात. ह्या दोघांच्या भांडणात ज्याच्यावर पाय पडतो त्या मातीला मात्र कोणी विचारीत नाही. आज तिच्या वतीने चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते दोन्ही पंथांना कडू लागतील अशी भीती आहे. फराळाच्या ताटात कारल्याच्या काचऱ्या वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी!

विषय आहे अकोले तालुक्याचा. ज्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्याच्या पश्चिम टोकाचा हा तालुका. बाकीचा जिल्हा पावसाची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा घाटघर-रतनवाडीकडे पाऊस थांबता थांबत नाही. कळसूबाई येथे, १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. रतनगड येथे, हरिश्चंद्रगड येथे, प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण येथे, आणि १९८६ साली जाहीर झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यही येथेच. मे महिन्याच्या अखेरीला, पहिल्या सरींच्या आगेमागे, ह्या रानातल्या हिरडा-बेहडा-सादड्याच्या झाडांवर काजवे उतरतात. आणि ते पाहावयास पुण्या-मुंबईच्या मोटारी उतरतात. काजव्यांना दोन-तीन आठवड्यांचेच आयुष्य असते. मोटारी तेवढ्यात आटपत्या तर तक्रार नव्हती. पण पुढे पावसाळ्यात धबधबे, हिवाळ्यात साम्रदची सांदण दरी आणि बारा महिने कळसूबाई, असा त्यांचा रतीब वर्षभर चालूच असतो.

आता काजव्याचे चरित्र थोडक्यात ऐका, कारण सगळा वाद त्याच्यापाशी येऊन थांबतो. झाडावर लुकलुकतो तो काजव्याच्या जन्माचा अखेरचा, लग्नाचा अंक. त्याआधीचे कित्येक महिने तो अळीच्या रूपाने ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढत असतो. मादी अंडी घालते तीही ओलसर मातीतच. म्हणजे झाडाकडे माना वर करून जे "अहाहा" म्हणत उभे असतात, त्यांच्या बुटांखाली पुढच्या वर्षीचा "अहाहा" चिरडला जात असतो. आपण तिकीट काढून नाटक पाहावे आणि जाता जाता नाटकमंडळींच्या मुलाबाळांना तुडवून जावे, तशातला हा प्रकार.

माती तुडवण्याचे एक गणित आहे आणि ते मोठे निष्ठुर आहे. कोऱ्या जमिनीवर पहिली शंभर पावले जी हानी करतात ती पुढची हजार करीत नाहीत. पहिल्या पावलांनीच माती दबते, तिच्यातली हवा जाते, पाणी मुरायचे थांबते. मग पाऊस त्याच वाटेने ओढा होऊन धावतो आणि उरलीसुरली माती घेऊन जातो. वाटेवर चिखल झाला, की पुढचा माणूस बूट वाचवण्यासाठी दोन पावले बाजूने जातो. त्याच्या मागचा आणखी दोन पावले. असे करता करता हातभर पायवाटेची बैलगाडीची वाट होते. झाडांची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीत असतात. ती उघडी पडली की वरून हिरवेगार दिसणारे झाड खालून मरू लागते.

म्हणून पहिल्या पंथाला आमचे सांगणे असे, की तुमचे "काहीच करू नका" हे वचन ऐकावयास सात्त्विक असले तरी आज ते तुडवणाऱ्यांच्याच बाजूचे आहे. माणसे येणार. त्यांना अडवणे जिथे शक्य आहे तिथे जरूर अडवा. काजव्यांच्या दिवसांत रात्रीच्या मोटारी अडवल्या तर आम्ही टाळ्या वाजवू. परंतु ज्या वाटा आधीच मोडून पडल्या आहेत, त्यांचे काय? तिथे पाट्या लावाल? मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी, पर्यटकांनी भरलेला असताना कोसळला आणि चार माणसे प्राणास मुकली. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. जिवाची पाटी जो वाचत नाही, तो काजव्याच्या अळीची पाटी वाचील, अशी आशा कोणी धरावी?

आणि लोखंडाचा इतका विटाळ तरी कशाला? कळसूबाईच्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात देवीला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका त्यांच्या आधाराने वर चढतात. रतनगडाच्या वाटेवरही शिड्या आहेत. ह्या शिड्यांनी डोंगराचे काय वाकडे केले? उलट, त्या आहेत म्हणून हजारो पाय एकाच रेषेत चढतात आणि बाजूचा उतार सुटतो. जमिनीपासून उचललेली लोखंडी वाट म्हणजे आडवी घातलेली शिडीच. तिने पाय उचलून धरावेत आणि खालची माती पुन्हा मातीसारखी जगू द्यावी, इतकेच तिचे काम.

पण थांबा. हे ऐकून दुसऱ्या पंथाचे लोक खुशीत आले असतील, तर त्यांचे तोंड गोड करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. मुंबईत मलबार हिलवर महापालिकेने सिंगापूरच्या धर्तीवर झाडीतून जाणारी उंच वाट बांधली. ३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याला, ती लोकांना खुली झाली. सुमारे ४८५ मीटर लांब, २.४ मीटर रुंद, आणि टोकाला समुद्र पाहावयास काचेचा सज्जा. दाट शहरात, दारापर्यंत डांबरी रस्ता असलेल्या टेकडीवर, तिकीट लावून आणि ठरावीक माणसे सोडून अशी वाट चालवणे शोभते. मुंबईच्या मुलांना झाड जवळून दिसले, तर आनंदच आहे. पण ती पाहून आलेला माणूस भंडारदऱ्याच्या काठावर उभा राहून म्हणतो, "इथेही एक असेच काढा की!" लोणावळ्याच्या टायगर पॉइंटसाठी काचेच्या स्कायवॉकची योजना सरकारने जाहीर केलेलीच आहे. तो वारा अकोल्याकडे वळावयास किती वेळ लागणार?

त्या माणसाला हिशेब घालून दाखवला पाहिजे. समजा, ४०० मीटरांची वाट काढावयाची आहे. दर ४ मीटरला दोन पाय म्हटले तरी २०० च्या वर पाय झाले. ठेकेदाराची सवय अशी, की पाय म्हटला की खड्डा आणि खड्डा म्हटला की काँक्रीट. एका पायाला अर्धा घनमीटर धरा: १०० घनमीटर काँक्रीट, म्हणजे २४० टन वजन, त्यात सात-आठशे पोती सिमेंट, शिवाय खडी, वाळू, पाणी. हे सारे डोक्यावरून कोण नेणार? मग जेसीबी येतो. जेसीबीसाठी रस्ता येतो. रस्त्यासाठी झाडे जातात. आणि उद्‌घाटनाच्या दिवशी भाषण होते, की पुलासाठी एकही झाड तोडले नाही! ते खरेही असते. पुलासाठी तोडलेले नसते. पुलाच्या सामानासाठी तोडलेले असते. जंगलातल्या बांधकामाचा खरा घात पुलात नसतो, पुलापर्यंत पोचण्यात असतो.

ह्याला उपाय नाही असे नाही. आणि तो परदेशातून आणावयाचीही गरज नाही. सह्याद्रीची पाठ काळ्या कातळाची आहे, वर मातीचा पातळ थर. जिथे कातळ उघडा आहे तिथे हातात धरावयाच्या यंत्राने अंगठ्याएवढे भोक पाडून त्यात सळई पक्की बसवता येते. खड्डा नको, पोती नकोत. जिथे माती खोल आहे तिथे मोठ्या स्क्रूसारखा लोखंडी खांब पिळून आत घालता येतो, आणि उद्या उलटा पिळून काढताही येतो. वर आधाराला १२५ मिलिमीटरची चॅनेल घेतली, तर ४ मीटरचा तुकडा सुमारे ५० किलोचा होतो. दोन माणसे तो खांद्यावर नेतात. पायाखाली पत्रा नको, फळ्या नकोत, काच तर नकोच. उघडी जाळी हवी. जाळीतून पाऊस पडतो, ऊन पडते, पाने पडतात. खालच्या मातीला आपल्यावर छप्पर आले आहे, हे कळतसुद्धा नाही. सारी भोके कारखान्यातच पाडावीत, मग त्यावर जस्ताचा थर चढवावा. रानात फक्त नट-बोल्ट आवळावेत. रानात वेल्डिंगची ठिणगी पडली, की उन्हाळ्यात वणवा आणि पावसाळ्यात गंज, दोन्ही पाहुणे आलेच.

रुंदी १.२ मीटर पुरे. दोन माणसे अंग चोरून एकमेकांना वाट देतील, आणि वाट देणे हा संस्कार आपल्याकडे जुनाच आहे. मात्र अरुंद म्हणजे अशक्त नव्हे. एका ४ मीटरच्या तुकड्याचे क्षेत्र ४.८ चौरस मीटर. गर्दीसाठी चौरस मीटरला ५०० किलो भार धरावा, असा इंजिनिअरांचा साधा नेम. म्हणजे त्या तुकड्याने २,४०० किलो पेलले पाहिजेत. रोज कोण इतके उभे राहणार, असे म्हणू नका. एखाद्या फांदीवर शेकरू दिसले, की अख्खी सहल एकाच तुकड्यावर येऊन फोटो काढते! वाट वळवून घ्यावी ती झाडाला, झाड वळत नसते. खोडाला लोखंड टेकू नये, मुळावर पाय पडू नये, आणि भेकर-सांबराची वाट आडवी येईल तिथे त्यांना खालून जाता येईल इतकी उंची असावी.

दिवे? एकही नको. आपण दिवाळीत पणत्या लावतो, आकाशकंदील टांगतो. ते आपल्या अंगणात. काजव्याचा प्रकाश हा त्याचा लग्नाचा निरोप आहे, आणि तो अंधारातच पोचतो. रानातल्या वाटेवर विजेची माळ सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात शिरून वधूवरांच्या मध्ये उभे राहणे. सूर्य मावळला की वाटेचे फाटक बंद, हा नियम वाट बांधण्याआधी लिहून झाला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. अशी वाट कुठे काढावी? जिथे वाट आधीच आहे आणि मेली आहे, तिथेच. जिथे आज पायवाट नाही तिथे उद्या लोखंडी वाट असू नये. ती कितीही हलकी, कितीही सुंदर असो. कारण नवी वाट माणसाला नव्या रानात नेते, आणि माणूस गेला की त्याचे भूक, तहान, कचरा आणि गोंगाट हे चार सोबती मागोमाग जातात. तुडवलेली वाट उचलणे ही शुश्रूषा. न तुडवलेल्या रानात वाट घालणे ही घुसखोरी. दोन्हींचे लोखंड एकच, नकाशाही दिसावयास सारखाच. म्हणूनच ही फसवणूक सोपी आहे.

आणि हे ठरवणार कोण? अकोल्याचा हा पश्चिम भाग महादेव कोळी आणि ठाकर लोकांचा; अनुसूचित क्षेत्रात मोडणारा. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तेथील ग्रामसभेला आपल्या रानाविषयी बोलण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार उद्‌घाटनाच्या फलकावर सरपंचाचे नाव खालच्या ओळीत घालण्यासाठी दिलेला नाही. कोणती वाट मेली आणि कोणती जगेल, जनावर कुठून उतरते, पाणी कुठे फुटते, हे मुंबईच्या नकाशात नसते. गुरे चारून आलेल्या पोराला ते ठाऊक असते. वाट कुठून जावी, रोज किती माणसे सोडावीत, तिकिटाचा पैसा कुठे जावा, हे ग्रामसभेने ठरवावे. आणि सरपणाला जाणाऱ्या बाईकडून त्या वाटेवर कोणी पैसा मागू नये. तिच्या आजीच्या पायांनी शंभर वर्षांत जे बिघडले नाही, ते आपल्या बुटांनी दहा वर्षांत बिघडवले आहे.

शेवटी देखभाल. आपल्याकडे बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरतात, बोल्ट आवळणाऱ्याचे कोठेच नसते. त्या पावसात जस्तही कायम टिकत नाही. दरवर्षी पाऊस उघडला, की दसरा-दिवाळीच्या सुमारास, प्रत्येक तुकडा तपासावा, गंजलेला बदलावा आणि वहीत तारीख लिहावी. ती वही ठेवण्याची तयारी नसेल, तर वाट बांधूच नये. आणि जी वाट नकोशी झाल्यावर महिनाभरात बोल्ट काढून, खांद्यावरून, आली तशी खाली नेता येणार नाही, तिला मंजुरीच मिळू नये. रानात आपण पाहुणे आहोत म्हणतो ना? मग पाहुण्याने सामान बांधता येईल इतकेच आणावे.

दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी पुष्कळजण भंडारदऱ्याला जातील. अवश्य जा, मुलांना कळसूबाईच्या शिड्या दाखवा, अमृतेश्वराचे देऊळ दाखवा. फक्त चिखल लागला म्हणून वाटेच्या बाजूने जाऊ नका. बूट घरी येऊन धुता येतात. आणि उद्या तिथे काचेच्या पुलाची घोषणा झाली, तर टाळी वाजवण्यापूर्वी एवढेच विचारा: सिमेंटची पोती कोणत्या रस्त्याने येणार?