वर्गात बारूद ठेवली तेव्हा

बल्लारशाहून हैदराबादची गाडी पकडणारे आपल्यात कमी नाहीत. चारमिनार, बिर्याणी, चार रील्स आणि परत. पुढच्या वेळी एक दिवस जास्तीचा काढा आणि बिदर गाठा. तिथे 1472 मध्ये बांधलेलं एक कॉलेज उभं आहे. म्हणजे, बरंचसं उभं आहे.

महमूद गावान हा इराणच्या गिलानमधून आलेला व्यापारी, पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. वऱ्हाड सुभ्याचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे त्यानेच केले, म्हणजे विदर्भाला तो अगदीच परका नाही. त्याचा मदरसा होता निवासी. तीन मजले, मधोमध मोठा चौक, भोवती वर्ग, मशीद, ग्रंथालय, शिक्षकांची राहायची सोय आणि विद्यार्थ्यांसाठी 36 खोल्या. त्याच्याकडे तीन हजार पुस्तकं होती, असं फेरिश्ता लिहितो. दर्शनी भिंतीवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फरशांची नक्षी, अक्षरांचे पट्टे. सुमारे 131 फूट उंच मीनारावर नागमोडी रेघा. मला आर्किटेक्चरमधलं फारसं कळत नाही, पण वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही एक गोष्ट कळेल: राजवाड्याला शोभेल असं काम इथे पोरांच्या राहण्या-शिकण्याच्या जागेला केलंय. आपल्या हॉस्टेलच्या भिंती आठवून बघा जरा!

1481 मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने गावानला ठार करवलं. इमारत मात्र टिकली. तिचा घात वेगळ्याच गोष्टीने झाला. औरंगजेबाच्या काळात इथे घोडदळाची छावणी आली आणि खोल्यांमध्ये बारूद साठवली गेली. 17व्या शतकाच्या अखेरीस तिचा स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा तुकडा आणि दुसरा मीनार गेला. आजही फरशांची नक्षी अर्ध्यात तुटलेली दिसते.

आता घरी या. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आपण रोज जटपुरा नाहीतर पठाणपुरा गेटमधून ओलांडतो. झुडपांनी आणि कचऱ्याने भरलेला हा किल्ला 2017 मध्ये इको-प्रोच्या तरुणांनी हातात फावडी घेऊन साफ करायला घेतला, तेव्हा तो अनेकांना पहिल्यांदा नीट दिसला. पण साफसफाईनंतर काय? रिकामी जागा कुणीतरी वापरतंच, गोदाम म्हणून नाहीतर उकिरडा म्हणून. इतिहास, आर्ट आणि सिव्हिलच्या विभागांनी परकोटाचा एकेक भाग वाटून घ्यावा, मोजमापं आणि रेखाटनं तिथेच करावीत. एखादं प्रॅक्टिकल बुरुजावर झालं तर काय बिघडतं? या सत्रात आपल्या एचओडींना विचारून तर बघा.